मदत हवी आहे: पुराच्या पाण्यातून एसयूव्ही किती खोलीपर्यंत नेता येते?

नमस्कार मंडळी,

माझं माहेर कुरुंदवाड. आई-बाबा दोघंच असतात तिथे, सत्तरी ओलांडलेले, आणि बाबांना गुडघ्यांमुळे धड चालवत नाही. आम्ही पुण्यात. तो भाग ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको, एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा आणि नरसोबाच्या वाडीला दोघींचा संगम, पाणी चढायला लागलं की बाहेर पडायच्या वाटा एकेक करून बंद होतात. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, जीव नुसता टांगणीला लागलेला.

आता घरात एसयूव्ही आलीय, डिझेल, मॅन्युअल गिअर, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) नाही. नवरा म्हणतो ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची) २०० मिमी आहे, गाडी उंच आहे, दोन फूट पाणी असलं तरी जाऊन दोघांना घेऊन येऊ. मला हे अजिबात पटत नाहीये पण त्याला समजावून सांगायला माझ्याकडे तांत्रिक मुद्दा नाही. महिंद्राची थार ६५० मिमी पाण्यातून जाते असं कंपनीच सांगते, आमच्या गाडीच्या पुस्तकात असा आकडाच नाही. मग आकडा नाही म्हणजे किती धरायचं? मध्येच बंद पडली तर आई-बाबा गाडीत असताना नेमकं काय करायचं? आणि मुळात जायचं कधी? कृपया ज्यांनी खरंच अशा पाण्यात गाडी चालवलीय किंवा दुरुस्त केलीय त्यांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, माझं गॅरेज आहे, दर पावसाळ्यात अशा गाड्या येतात म्हणून सविस्तर लिहितो. नुसत्या ग्राउंड क्लिअरन्सवरून किती पाण्यातून जाता येईल ते ठरत नाही, तो दगड-खड्ड्यासाठी. पाण्यात बघायचं ते इंजिन हवा कुठून ओढतं ते, बॉनेट उघडून एअर फिल्टरचा पाइप पुढे कुठपर्यंत जातो ते मिस्टरांना हात लावून बघू द्या. ते तोंड पाण्याच्या वर असलं तरी गाडी चालली की पुढे लाट उठते, त्यात समोरून एसटी किंवा ट्रक आला तर त्याची लाट वेगळी. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, डिझेलला कॉम्प्रेशन जास्त म्हणून नुकसानही जास्त. म्हणून पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही म्हणजे नाही. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन वेगळं घेतलं नसेल तर हा खर्च बहुतेक वेळा अंगावरच येतो.

आता दोन फुटांचं. गाडी म्हणजे बंद डबा. दीड टनाची गाडी तरंगायला दीड हजार लिटर पाणी बाजूला सारलं की झालं, तळ सात चौरस मीटर धरला तर फ्लोअरच्या वर जेमतेम वीतभर पाणी. म्हणजे रस्त्यापासून दीड फुटाच्या आसपासच टायरची पकड जायला लागते, आणि पाणी वाहतं असेल तर त्याच्याही आधी. फोर बाय फोर असती तरी टायरच टेकत नसतील तर काय उपयोग?

माझा नियम साधा आहे. पाणी थांबलेलं असेल, रस्ता ओळखीचा असेल आणि चाकाच्या मध्याच्या खालीच असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एसी बंद करून, रेस एकसारखी ठेवून, न थांबता जायचं, पुढची गाडी पलीकडे निघाल्याशिवाय आपण पाण्यात उतरायचं नाही. बाहेर आल्यावर चार-पाच वेळा हलका ब्रेक मारून लायनर सुकवायचे. वाहतं पाणी असेल तर कितीही कमी दिसू दे, परत फिरायचं, खालचा रस्ता वाहून गेला असला तरी वरून कळत नाही.

बंद पडून पाणी चढायला लागलं तर आधी सगळ्यांचे बेल्ट काढा आणि काचा लगेच खाली घ्या, नंतर वायरिंग शॉर्ट झालं की पॉवर विंडो चालत नाही आणि बाहेरच्या दाबाने दारही उघडत नाही. काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा, डिकीत नको. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची, पुढची काच लॅमिनेटेड असते, ती तशी फुटत नाही.

आणखी एक प्रतिसाद

मी शिरोळ तालुक्यातलाच. वरचं सगळं बरोबर आहे पण ताई, तुमच्यावर ही वेळच येऊ देऊ नका. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची (पंचगंगेची) पातळी रोज बघत जा, इशारा ३९ फूट, धोका ४३. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. आम्ही खालच्या अंगाला, कोल्हापुरात चढलेलं पाणी आमच्याकडे नंतर येतं, तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. पंचगंगा इशाऱ्याकडे निघाली आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की त्याच दिवशी उजेडात निघा, रात्री पाणी किती आहे याचा अंदाज लागत नाही. पुण्याहून येऊन परत न्यायचं म्हणजे दोन्ही वेळा हायवे चालू पाहिजे, त्यापेक्षा जयसिंगपूर किंवा मिरजेत कुणी नातेवाईक असतील तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा, ते लवकर पोचतील. बाबा म्हणतील मागच्या वेळी उंबऱ्यापर्यंतच आलं होतं, आमचे पण म्हणतात. ऐकू नका, गाडीत बसवा.