रोटरीत ये म्हणतायत, जावं का? काम होतं की नुसते फोटो?

मोटरवाला
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरचे पंप, सबमर्सिबल, पंखे, मिक्सर सगळं. आमच्या इथले एक डॉक्टर आणि एक बिल्डर हल्ली सारखं दुकानात येऊन बसतात आणि म्हणतात रोटरीत ये, 1 जुलैनंतर नव्या अध्यक्षांचं पदग्रहण आहे तेव्हाच तुलाही पिन लावून मेंबर करून टाकू. माणसं चांगली आहेत, गिऱ्हाईक पण आहेत, त्यामुळे तोंडावर नाही म्हणता येत नाही.

पण वर्गणीचा आकडा ऐकून बायकोने डोळे वटारले. वर दर आठवड्याला मीटिंग, संध्याकाळी, म्हणजे बरोबर दुकानाच्या टायमाला. आणि खरं सांगायचं तर मला ते शाल-श्रीफळ, बॅनर, पेपरात फोटो हे प्रकरण जरा जडच जातं. गावाजवळच्या झेडपीच्या शाळेत अशाच एका क्लबने आरओ प्लांट दिलाय. कोनशिला अजून चकाचक आहे, प्लांट बंद. मोटर जळली म्हणून मास्तरांनी मला बोलावलं, मी ती फुकटात भरून दिली, पण मेंब्रेन (आतला पाणी गाळणारा पडदा) गेलेली, फिल्टर चिखलाने गच्च आणि ते बदलायचे कोणी हे कोणालाच माहीत नाही. तेव्हाचे अध्यक्ष म्हणतात आता नवीन बॉडी आहे त्यांना विचारा, नवीन म्हणतात तो आमच्या वर्षातला प्रोजेक्ट नाही.

तर प्रश्न असा की खरंच काही काम होतं का, पैसा जातो कुठे, लायन्स आणि रोटरीत फरक काय, आणि माझ्यासारख्या बारावी-आयटीआय माणसाला तिथे काही किंमत असते की खुर्च्या मांडायला ठेवतात? आतल्या लोकांनी सांगा, बाहेरून शिव्या घालणारे आमच्या चौकात भरपूर आहेत.

कृष्णाकाठचा
चौकातलाच एक समज मला पण तरी बोलतो 😀 गावाकडे एका पेपरला बातम्या देतो त्यामुळे या क्लबांच्या प्रेसनोटा रोज बघतो. जुलै आला की वृक्षारोपण, आणि दरवर्षी त्याच रस्त्याकडेला, कारण गेल्या वर्षीची रोपं मे महिन्यात वाळून खड्डे रिकामेच असतात की. पाणी कोण घालणार हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. एका रोपाभोवती आठ जण वाकून उभे, त्यातला एकच रोपाकडे बघतोय, बाकी कॅमेऱ्याकडे.

आणि 2019 चा पूर. सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातून मदत आली, मनापासून आली, त्यात वाद नाही. पण जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते, ते कोणाला नको होते. लोकांना हवं होतं फिनेल, खराटे, ब्लीचिंग पावडर, चुली-गॅस, आणि पाणी ओसरल्यावर तर घराघरात मोटारी, मिक्सर, फ्रीज चिखल खाऊन बसलेले. मोटरवाले दादा, तेव्हा तुमच्यासारखी चार माणसं एखाद्या क्लबने गावात आणून बसवली असती तर त्याची बातमी मी स्वतः पहिल्या पानावर मागितली असती.

जुना मेंबर
मी रोटरीत बरीच वर्षं आहे, खजिनदार पण होतो, म्हणून पैशाचं आधी सांगतो.

वर्गणी जी भरता ती सेवेला जात नाही, हे आधीच स्वच्छ समजून घ्या म्हणजे नंतर मनस्ताप नको. त्यातून वर इंटरनॅशनलला माणशी वर्षाला 80 डॉलरच्या आसपास जातात, मग डिस्ट्रिक्टचे (म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या क्लबांच्या गटाचे), मग हॉलचं भाडं आणि जेवण. सेवेच्या कामाचा पैसा वेगळा, देणग्या, सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा), मेंबरनी खिशातून घातलेला. तो क्लबच्या ट्रस्टच्या खात्यात असतो, ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला, आणि त्यातला रुपया जेवणावर घालता येत नाही. सरळ विचारा ट्रस्टचं ऑडिट झालंय का, 80जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) आहे का, सीएसआर-1 फॉर्म भरून सरकारकडून नंबर घेतलाय का. 1 एप्रिल 2021 पासून तो नंबर नसेल तर कंपनी सीएसआर देऊच शकत नाही. खजिनदार अडखळला तर समजून जा.

मोठी कामं होतात ती ग्लोबल ग्रँटमधून, म्हणजे रोटरीच्या फाउंडेशनच्या अनुदानातून. तिथे प्रोजेक्टचं बजेट निदान 30,000 डॉलर लागतं आणि परदेशातला एक क्लब भागीदार लागतो. डायलिसिस मशीन, रक्तपेढीची सामग्री, शाळांची स्वच्छतागृहं अशी कामं त्यातून होतात. गंमत म्हणजे तिथे अर्ज करतानाच विचारतात की गावाला हे हवंय हे तुम्हाला कसं कळलं आणि आम्ही पैसे देणं थांबवल्यावर हे कोण चालवणार. तुमच्या आरओ प्लांटच्या वेळी कोणी हे विचारलं नसणार. आमच्याकडे एका शाळेत आरओ द्यायची टूम निघाली होती, एका मेंबरने आधी पाणी तपासून आणलं तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तीनशेच्या आत. 500 पर्यंत तर भारतीय मानकात पण चालतं, मग आरओ कशाला? निम्म्याहून जास्त पाणी गटारात घालवायला? टाकी साफ करून साधा फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) बसवलं, खर्च कमी आणि मास्तरच मेंटेन करतात. पण ‘आरओ प्लांटचे लोकार्पण’ हे बॅनरवर जास्त भारी दिसतं हे मान्य.

खरं दुखणं तुम्ही स्वतःच लिहिलंय. रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं 30 जूनला संपतं, दरवर्षी अध्यक्ष नवा, सेक्रेटरी नवा, आणि प्रत्येकाला आपलं वर्ष गाजवायचं असतं. डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाच्या, म्हणजे गव्हर्नरच्या व्हिजिटला नवीन काय केलं ते दाखवायचं असतं, जुनं चालू ठेवलं याला टाळ्या पडत नाहीत. म्हणून क्लब बघताना एकच बघा, तीन-चार अध्यक्ष बदलले तरी चालू राहिलेलं एखादं काम आहे का. असेल तर डोळे झाकून जा, नसेल तर जेवण चांगलं आहे का ते बघा 😄

आणि चिकाटीचं म्हणाल तर पोलिओ. 1985 ला रोटरीने हे काम अंगावर घेतलं. आमच्याकडे पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जेवण पोचवणं, रिक्षाला भोंगा लावून फिरणं, वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या टोळ्यांत जाऊन पोरं शोधणं, हे मेंबरनी केलंय. डोस पाजणाऱ्या आशा, अंगणवाडी ताई आणि सिस्टर, खरं श्रेय त्यांचं, पण आम्ही हमाली केली. देशातली शेवटची केस 13 जानेवारी 2011 ची, हावड्याची एक लहान मुलगी, आणि 27 मार्च 2014 ला आपल्याला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. किती अध्यक्ष बदलले असतील त्यात.

शिबिरवाली ताई
मी डोळ्यांच्या हॉस्पिटलला कॅम्पचं काम बघते, रोटरी लायन्स दोन्ही सोबत असतात. लायन्सचं विचारलंत म्हणून, क्लब म्हणून दोन्ही सारखेच, पण लायन्सवाले डोळ्यांच्या कामात फार जुने, 1925 च्या त्यांच्या अमेरिकेतल्या अधिवेशनात हेलन केलर यांनीच त्यांना अंध लोकांसाठी काम करा असं सांगितलं होतं, तेव्हापासून ते धरून आहेत.

आता आतली गोष्ट. बॅनरवर ‘मोफत मोतीबिंदू शस्त्रक्रिया, सौजन्य अमुक क्लब’ असं असतं. ऑपरेशनचा खर्च बहुतेक वेळा हॉस्पिटलचा ट्रस्ट आणि सरकारी अंधत्व निवारण कार्यक्रमाचं अनुदान यातून निघतो. क्लबचं काम असतं माणसं गोळा करणं, गाडी आणि जेवण, आणि ते काम छोटं अजिबात नाहीये हं. म्हातारी माणसं तपासणीला येतात, मोतीबिंदू निघतो, पण शुगर आणि बीपी वाढलेलं असतं म्हणून परत पाठवावं लागतं. ती पुन्हा येतात का? कोणी मागे लागलं तरच. काहींना अजून वाटतं ऑपरेशन थंडीतच करायचं, उन्हाळ्यात डोळा बिघडतो. काहींना सून म्हणते ऊस तुटू दे मग बघू.

न्यायला बस येते, सोडायला पण येते, पण पुढच्या तपासणीला आणि महिन्याने चष्म्याच्या नंबरला कोण आणणार? तेव्हा बॅनर नसतो. एका क्लबातले एक निवृत्त कंडक्टर काका वही घेऊन प्रत्येक पेशंटला फोन करतात, थेंब टाकले का आजी, डोक्यावरून अंघोळ केली नाही ना, आणि जे येत नाहीत त्यांना स्वतः एसटीत बसवून आणतात. त्यांचा फोटो कधी पेपरात बघितला नाही. आमच्या हॉस्पिटलात मात्र डॉक्टरांपेक्षा त्यांना आधी चहा मिळतो. दादा तुम्ही आयटीआय आहात म्हणून कमी समजू नका एवढंच.

मोटरवाला
ताई, जुना मेंबर सर, मनापासून धन्यवाद. कंडक्टर काकांचं वाचून बायको पण जरा नरमली. ऑडिटचं विचारायला मात्र धीर होत नाहीये, मी नवीन माणूस, आल्या आल्या हिशोब मागितला तर म्हणतील कोण हा टिकोजीराव.

जुना मेंबर
तर मग आधी मेंबर होऊच नका. पाहुणा म्हणून मीटिंगला बसता येतं, कोणी हाकलत नाही. आणि वर्गणी जड जात असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, जेवण न घेणाऱ्याला कमी वर्गणी असं काही क्लबांत चालतं. खुर्च्यांचं म्हणाल तर आमच्याकडे वकीलसाहेब पण मांडतात.

बार्शीकर
वय किती तुमचं? चाळीसच्या आत असाल तर जेसीआय (तरुणांची अशीच एक संघटना) बघा, तिथे 18 ते 40 चीच मंडळी असतात, वर्गणी कमी आणि भाषण करायची भीती जाते, माझी गेली. रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचाच तरुणांचा क्लब, पण आहे, आधी तिशीपर्यंतच होतं, 2020 पासून वयाची वरची अट काढलीय.

आमचं एक काम सांगतो. सगळे रक्तदान शिबिर घेतात नेत्याच्या वाढदिवसाला नाहीतर 15 ऑगस्टला, एकाच दिवशी ढीगभर पिशव्या, आणि लाल पेशी टिकतात पाच-सहा आठवडे, प्लेटलेट तर पाचच दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, तेव्हा रक्तपेढीत खडखडाट आणि थॅलेसेमियाच्या, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागणाऱ्या पोरांचे आईबाप दारोदार. मग आम्ही रक्तपेढीलाच विचारलं तुम्हाला कधी पाहिजे, आणि आता त्या सांगतील त्या तारखेला छोटं शिबिर घेतो, तीस-चाळीस पिशव्यांचं. पाहुणे बोलवत नाही. एकदा मोठे पाहुणे बोलवले होते, ते येईपर्यंत रक्तदाते उपाशी बसलेले, दोघांना चक्कर आली.

वाळव्याचा पाव्हणा
विषय सोडून विचारतो, रागावू नका. माझ्या चुलतभावाचा हात कडबाकुट्टीत गेला, मनगटाच्या वर. कोणीतरी म्हणालं रोटरीवाले फुकट हात बसवून देतात. खरं आहे का? विकतचे परवडत नाहीत आणि एकदा फसलोय त्यामुळे एजंट नको.

जुना मेंबर
खरं आहे. एलएन-4 नावाचा प्लास्टिकचा हात असतो, अमेरिकेतलं एक फाउंडेशन बनवतं आणि आपल्याकडे रोटरीचे क्लब शिबिर घेऊन बसवतात. एक पैसा लागत नाही, कोणी मागितला तर देऊ नका. कोपर शाबूत हवं आणि कोपराखाली साधारण चार इंच तरी हात शिल्लक हवा. मनगटाच्या वर म्हणताय म्हणजे बहुधा बसेल. बॅटरी-बिटरी नाही, दुसऱ्या हाताने बोटं लॉक करायची, मग पेन, चमचा, गाडीचं हॅण्डल धरता येतं, जड ओझं मात्र नाही. जखम पूर्ण भरलेली पाहिजे. हाताचा कोपरापासूनचा फोटो काढून ठेवा आणि जवळच्या कुठल्याही रोटरी क्लबच्या सेक्रेटरीला दाखवा, पुढचं शिबिर कुठे आहे ते डिस्ट्रिक्टच्या ग्रुपवर विचारून सांगतील. आपलं डिस्ट्रिक्ट 3170, कोल्हापूर, बेळगाव, गोवा सगळं त्यात येतं, म्हणजे तिकडे असलं तरी कळेल.

वाळव्याचा पाव्हणा
फोटो उद्या काढतो. उजवा हात आहे, चालेल ना?

जुना मेंबर
चालतंय. डावा उजवा दोन्हीला तोच बसतो.