‘कायदा आलाय’ म्हणणाऱ्या मित्रासाठी: संसदेतल्या खासगी विधेयकांचं करायचं काय?

विटावा_पुलाखाली (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५. रात्रीचे पावणेबारा. ऐरोलीहून ठाण्याकडे निघालेली आमची कॅब विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली नेहमीसारखी अडकली होती. शेजारी बसलेल्या मित्राचा फोन वाजला, टीम लीडचा. त्याने फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. म्हणाला, "आता कायदा आलाय. ड्युटी संपल्यावर फोन उचलायची सक्ती नाही. सुप्रिया सुळेंनी लोकसभेत पास करून घेतला." फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेजही दाखवला. तिरंगा, हातोडा, तीन टाळ्या.

दुसऱ्या दिवशी हेच त्याने मॅनेजरला ऐकवलं. मॅनेजर चिडला नाही, हसलाही नाही. "गॅझेटची कॉपी मेल कर, एचआरला पाठवतो," एवढंच बोलला.

गॅझेट कुठून येणार? ते विधेयक नुसतं मांडलं गेलं होतं. तेही पहिल्यांदा नव्हे. सुळेंनी ते २०१८ च्या डिसेंबरातही मांडलं होतं, आणि ती लोकसभा संपली तसं तेही संपलं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: मंत्री नसलेल्या कुठल्याही खासदाराने, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना, आणलेलं विधेयक ते खासगी विधेयक. आपल्या विधिमंडळात त्याला अशासकीय म्हणतात. १९५२ पासून आजवर अशी १४ विधेयकं कायदा झाली. शेवटचं १९७० साली, तेव्हा माझे वडील चौथीत होते. मागच्या, म्हणजे १७ व्या लोकसभेत ७२९ खासगी विधेयकं मांडली गेली आणि चर्चा झाली दोनांवर. दोनशे लिहायचं होतं आणि शून्यं राहिली असं नाही, दोनच.

माझ्या मते हा प्रकार आता लग्नातल्या आहेराच्या पाकिटासारखा झालाय. वर नाव ठसठशीत, आत अकरा रुपये. विधेयक मांडलं की बातमी होते, बातमीचा मेसेज होतो, आणि निवडणूक आली की त्याच मेसेजचा कार्यअहवाल होतो. क्वचित चर्चा झालीच तर शेवटी मंत्री उठतात, सदस्यांच्या तळमळीचं कौतुक करतात, सरकार या विषयावर गंभीर आहे म्हणतात आणि विधेयक मागे घ्यायची विनंती करतात. सदस्य घेतातही मागे. मग दोन तास बोलले कशाला?

म्हणून माझी सूचना: मागे घ्यायची सोय बंद करा. चर्चा झाली की मतदान, नावानिशी. माझा खासदार माझ्या फोनच्या बाजूने की टीम लीडच्या, ते मला कळू दे. नाहीतर खासगी विधेयकांसाठी राखलेले शुक्रवारचे ते अडीच तास सरळ प्रश्नोत्तरांना देऊन टाका.

पटत नसेल तर हाणा.


नौपाड्याची_माई

हाणते.

तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे गप्प बसवत नाही. मार्च १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक व्हाइसरॉयच्या कौन्सिलात आणलं. वर्षभराने मतदान झालं, १३ विरुद्ध ३८. पडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी उभे राहिले. सहाच वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांच्या हद्दीपुरता तसा कायदा करून घेतला. तोही खासगी विधेयकातूनच. तुमच्या हिशेबात गोखल्यांचं पाकीट अकरा रुपयांचंच ना?

आणि मुंबईचे डॉक्टर गोपाळराव देशमुख. १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा त्यांचा, लोक त्याला देशमुख कायदाच म्हणायचे. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा, हक्क मर्यादित असला तरी. माझ्या आजेसासूबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या. कल्याणच्या वाड्यातली माडीखालची खोली आणि अंगणातल्या विहिरीचं पाणी त्यांना शेवटपर्यंत कुणी नाकारू शकलं नाही, ते या कायद्यामुळे. दीरांनी प्रयत्न कमी केले नव्हते.


घणसोली_सेक्टर_९

माई, १९११ चं विधेयक आणि देशभराचा शिक्षणहक्क कायदा २००९ चा. ९८ वर्षं. तोवर टीम लीड वाट बघेल का?


विटावा_पुलाखाली

माई, दंडवत. पण तुमची तिन्ही उदाहरणं इंग्रजांच्या राज्यातली. तेव्हा सरकार परकं होतं, त्याला बाहेरून धडका मारण्याला अर्थ होता. आता सरकारही आपलं आणि धडका मारणारेही आपलेच. स्वराज्यातलं सांगा.

शिवाय एक बघा: गोखल्यांच्या विधेयकावर मतदान झालं. १३ कोण, ३८ कोण, सगळं नोंदवलेलं आहे. मी तेवढंच मागतोय.


नौपाड्याची_माई

स्वराज्यातलं घ्या. फिरोज गांधी, १९५६. संसदेत झालेलं भाषण जसंच्या तसं छापलं म्हणून वर्तमानपत्रावर खटला होऊ नये, हा कायदा त्यांच्या खासगी विधेयकातून आला. आणीबाणीत त्यांच्याच पत्नीच्या सरकारने तो रद्द केला आणि १९७७ मध्ये जनता सरकारने परत आणला. जो कायदा रद्द करावासा वाटतो, तो बिनकामाचा कसा म्हणायचा?

पण मतदानाचा मुद्दा बिनतोड आहे. तो मी मान्य करते.


कोकणी_कोपरखैरणे

मी आमच्या बॅरिस्टर नाथ पैंबद्दल बोलणार, मला थांबवू नका.

फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. सरकार गोंधळलं होतं. राजापूरचा खासदार, प्रजासमाजवादी, विरोधी बाकांवरचा. तो उठला आणि घटनेतला कुठलाही भाग बदलायचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट करणारं विधेयक त्याने आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, अख्ख्या देशात वाद झाला. विरोधी पक्षातल्या एका माणसाच्या शुक्रवारच्या विधेयकावर! मंजूर मात्र झालं नाही. १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली, जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी इंदिरा सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली. गाभा तोच.

माझे आजोबा सांगायचे, नाथ पैंची सभा असली की मालवणला बाजार लवकर उठायचा. आता तुमचे ७२९ काढा. त्यातलं एक तरी विधेयक ऐकायला कुणी दुकान बंद करेल का? माझं म्हणणं इतकंच, विधेयकाचा दोष नाही, माणसं बारकी झाली.


वाशीचा_काळा_कोट

कोकणी, नाथ पै मोठेच होते, पण तुम्ही उदाहरण उलटं दिलंत. त्या विधेयकाने मूलभूत हक्कांना हात लावायची मुभा संसदेला मिळणार होती. ते रखडलं याचं मला तरी दुःख नाही. २४ व्या दुरुस्तीने ती मुभा मिळालीच, आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात कोर्टाने ‘घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही’ हे कुंपण घातलं नसतं तर आणीबाणीत काय उरलं असतं? खासगी विधेयक सहजासहजी मंजूर होत नाही, हा कधीकधी गुण असतो.

आता धागाकर्त्यांकडे. नावानिशी मतदान हवं म्हणता. १८ डिसेंबर २०१५ आठवतो? शशी थरूर कलम ३७७ मधून समलिंगी संबंधांचा गुन्हा वगळणारं विधेयक मांडायला उभे राहिले. मांडण्यालाच विरोध करायचा नाही हा सभागृहाचा रिवाज, तरी मतदान मागितलं गेलं. २४ विरुद्ध ७१. विधेयक दारातच मेलं. तीन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा काढला. मतदान झालं म्हणजे न्याय झाला असं नसतं. सभागृहात त्या घडीला बसलेल्या ९५ माणसांचा तो कल होता.

आणि १९७० चा तो शेवटचा कायदा. तुम्ही वर्ष सांगून पुढे गेलात, मी जरा थांबतो. आनंद नारायण मुल्ला. अलाहाबाद हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती, उर्दू शायर, लखनौचे अपक्ष खासदार. त्यांचा कायदा असा: खालच्या कोर्टाने सोडलेल्या आरोपीला हायकोर्टाने अपिलात दोषी धरून जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा दिली, तर त्याला सुप्रीम कोर्टात अपील करायचा हक्क आहे. कुणाची मेहेरबानी लागत नाही, हक्कच. माझ्या सीनियरांकडे ठाण्याच्या जेलमधल्या एका कैद्याची आई यायची, प्लास्टिकच्या पिशवीत निकालाची प्रत घेऊन. तिला मुल्ला कोण ते माहीत नव्हतं. अपील मात्र त्यांच्याच कायद्याखाली दाखल झालं.


दिघा_गाव_लोकल

तुमचं चालू द्या. दिघा गाव स्टेशन बांधून तयार होतं आणि महिनोन्‌महिने कुलूप. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. ते कुठल्या विधेयकाने उघडलं? खासदाराने शुक्रवारी दिल्लीत बसून निबंध वाचण्यापेक्षा इकडे येऊन गाड्या वाढवून घ्याव्यात.


वाशीचा_काळा_कोट

मग नगरसेवक आणि खासदार यांत फरक काय ठेवायचा, तेही सांगा.


माजी_मदतनीस

वाचत होतो, राहवलं नाही. २०२२-२३ मध्ये मी एका खासदारांकडे कायद्याच्या कामाला मदतनीस होतो. पक्ष विचारू नका. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकतंय.

पहिलं, ७२९ आकड्यावर जाऊ नका. त्यातली कितीतरी जुन्या विधेयकांवरून उचललेली असतात, वर्ष बदलायचं आणि दाखल करायचं. एका मसुद्यात शीर्षकाला नवं साल आणि पहिल्या कलमात जुनंच राहिलेलं मी स्वतः पकडलंय. खासदार हसले, "बरं झालं बघितलंस." पण काही खरोखर कष्टाने लिहिलेली असतात. महिनाभर आधी नोटीस द्यायची, उद्देश व कारणांचं निवेदन जोडायचं, खर्च असेल तर वित्तीय ज्ञापन. मग चर्चेचा क्रम बॅलटने, म्हणजे चिठ्ठीच.

दुसरं, हे कुणीच बोललं नाही. विधेयकामुळे संचित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, खर्च होणार असेल तर घटनेच्या अनुच्छेद ११७ प्रमाणे राष्ट्रपतींची शिफारस असल्याशिवाय सभागृह ते मंजूर करू शकत नाही. राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. सुळेंच्या २०१८ च्या विधेयकात कर्मचारी कल्याण प्राधिकरण होतं. प्राधिकरण म्हणजे कार्यालय, पगार, खर्च. म्हणजे नावानिशी मतदान ठेवलंत तरी त्याच्या आधीच्या दाराची किल्ली सरकारकडेच.

तिसरं, शुक्रवार. साडेतीनला खासगी कामकाज सुरू होतं आणि चारनंतर प्रेक्षक गॅलरीतून बाकांवरची माणसं बोटांवर मोजता येतात. सगळ्यांना मतदारसंघ गाठायचा असतो. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, लोकसभेत ५५ लागतात. सक्तीचं मतदान ठेवलंत तर गणपूर्तीची घंटा वाजेल, माणसं नसतील आणि सभागृह तहकूब. कायदा नको असेल त्याने फक्त घरी जायचं. मला विचाराल तर वार बदला. बुधवार करा. बाकी सुधारणा मागाहून.


विटावा_पुलाखाली

११७ चं मला खरंच माहीत नव्हतं. बुधवार पटतो.

पण माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही, आणि त्याला दाखला द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचा आहे. २४ एप्रिल २०१५, राज्यसभा, तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक. सरकारने मागे घ्या म्हणून विनवलं. शिवा अडून बसले, मतास टाका म्हणाले. आणि विधेयक एकमताने मंजूर! मत मागितल्यावर विरोधात उभं राहायची कुणाची हिंमत झाली नाही. मागे घेतलं असतं तर ‘सरकार विचार करत आहे’ एवढीच ओळ राहिली असती.


वाशीचा_काळा_कोट

पुढचंही सांगा की. लोकसभेत ते मंजूर झालं नाही. सरकारने २०१६ मध्ये स्वतःचं विधेयक आणलं आणि २०१९ मध्ये झालेला कायदा सरकारचा. त्यात ओळखीच्या दाखल्यासाठी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायची अट, ज्याच्या विरोधात तृतीयपंथी स्वतः रस्त्यावर उतरले.


विटावा_पुलाखाली

मान्य. पण २०१५ चा शुक्रवार नसता तर २०१९ उजाडलं असतं का?

(मदतनीस, तुम्ही लिहिलेल्या विधेयकाचं काय झालं?)


माजी_मदतनीस

रात्रपाळीच्या कामगारांच्या ने-आणीचं होतं. बॅलटमध्ये नंबर आला, नववा. पहिल्याच विधेयकावर बोलणारे संपेनात, शुक्रवारमागून शुक्रवार तेच पुढे चालू. एकदा अधिवेशन शुक्रवारच्या आदल्या दिवशीच गुंडाळलं. जून २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द.


नौपाड्याची_माई

मसुदा आहे का अजून? असेल तर इथे टाका. ठाण्याच्या खासदारांना पत्र मी लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे.