'किंमत चुकवणे' की 'किंमत मोजणे'?

आमच्या चर्चच्या युवक शिबिराचा फ्लेक्स मी बनवला, हिंदी पत्रक समोर ठेवून. त्यात 'कीमत चुकाना' होतं, मी बिनधास्त लिहून टाकलं 'ख्रिस्ताच्या शिष्यत्वाची किंमत चुकवायला तयार आहात का?' फ्लेक्स गेटवर लागला आणि स्वयंपाकाला आलेल्या एक मावशी वाचून म्हणाल्या, "बाळा, चुकवायला तर सगळेच तयार असतात." मला आधी कळलंच नाही त्या का हसतायत. तर मराठीत हे चुकीचंच आहे ना? की चालतं?

---

मावशींना माझा नमस्कार सांगा 😄 नाही चालत दादा. हिंदीत चुकाना म्हणजे फेडणं, आपल्याकडे चुकवणं म्हणजे टाळणं. नजर चुकवतो, कर चुकवतो, कामचुकार त्यातलाच. फेडायचं असेल तर 'चुकतं करणं', हिशेब चुकता केला वगैरे. म्हणजे तुमच्या फ्लेक्सवर बरोब्बर उलटं आमंत्रण लागलंय. 'मोजायला' करा.

---

'मोजायला' बरोबर आहे पण त्यातही एक गंमत आहे बघा. मराठीत मोजणं म्हणजे गणणं पण आणि देणं पण, 'पाचशे रुपये मोजले' म्हणजे दिलेच. आणि 'किंमत मोजावी लागली' आपण बहुतेक वेळा नंतर म्हणतो, चूक झाल्यावर, शिक्षा असल्यासारखं. बायबलमधल्या लूकच्या १४व्या अध्यायात मात्र उलट आहे, बुरूज बांधायचा असेल तर माणूस आधी खाली बसून खर्चाचा अंदाज काढतो, नाहीतर पाया घालून काम अडकलं की लोक हसतात. तिथलं ग्रीक क्रियापद 'प्सेफोस' म्हणजे खडा यावरून आलंय, खडे मांडून हिशेब करणं. म्हणजे मोजणं आधी आणि देणं नंतर, आपला एकच शब्द दोन्हीकडे जातो म्हणून वाचणाऱ्याला वाटतं ताबडतोब पैसे काढा.

---

मला तर 'किंमत' हाच शब्द खटकतो. बोनहोफर या जर्मन पाद्रीचं जे पुस्तक इंग्रजीत 'कॉस्ट ऑफ डिसायपलशिप' म्हणून प्रसिद्ध आहे ते मूळ जर्मनमध्ये १९३७ साली नुसतं 'नाखफोल्गे' नावाने आलं, म्हणजे मागे जाणं, अनुसरण. नावात किंमत कुठेच नाही. आपल्याकडचं 'शिष्यत्वाची किंमत' त्या इंग्रजी नावावरूनच आलं असावं असा माझा अंदाज. आत कृपेला तो 'टॉयर' म्हणतो, त्याचा अर्थ महाग पण आणि लाडका, प्रिय पण. 'महाग कृपा' म्हटलं की भाजी मंडई आठवते 🙈, 'मोलाची कृपा' जास्त जवळ जातं. त्याला ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसनब्युर्कच्या छळछावणीत फाशी दिलं, त्यामुळे त्याच्या तोंडी तो शब्द हलका वाटत नाही, आपण मात्र शिबिराच्या फ्लेक्सवर सहज छापतो.

---

मोल छान आहे ताई, पण मोलाने म्हटलं की मोलकरीण, मोलमजुरी पण येते. 'मोल देऊन शिष्य झालो' म्हटलं तर फी भरल्यासारखं वाटेल.

आणि आधी बसून हिशेब केला तरी तो पुरा पडतोच असं नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा, पण घर मोडलं ते लक्ष्मीबाईंचं, पुढची काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, माहेरच्या माणसांत, 'नवरा बाटला' हे ऐकत. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये, त्यांच्या वेळेला, त्यांच्या हिशेबाने. आता इथे कोणी मोजलं आणि कोणाला मोजावं लागलं? 'मोजली' आणि 'मोजावी लागली' यात जो फरक आहे ना तो मला या सगळ्यात सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो.

---

बापरे, मी एक क्रियापद विचारलं होतं 🙏 नवीन फ्लेक्सला पैसे नाहीत (खर्चाचा अंदाज आधी काढला नव्हता, लूक १४), म्हणून 'चुकवायला'वर पांढरी पट्टी लावून मार्करने 'मोजायला' लिहिलंय. मावशी म्हणतात खालचं अजून दिसतंय.