मदत हवी आहे: शाळेत देशभक्तिपर कवितांचं पाठांतर सक्तीचं, काही पालकांचा धार्मिक आक्षेप

नमस्कार मंडळी,

मी कळव्याला राहते. मुलगी ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवीत आहे आणि यंदा मी पालक-शिक्षक संघावर आहे. शाळेने पाचवी ते आठवीला देशभक्तिपर कवितांचं पाठांतर सक्तीचं करायचं ठरवलंय. परिपाठात रोज एका वर्गाने हात जोडून म्हणायचं आणि आकारिक मूल्यमापनात (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात) त्याचे गुण धरायचे. यादीत अख्खं 'वंदे मातरम्' आहे, सावरकरांचं 'जयोस्तुते' आहे, आणखीही बरंच आहे. राबोडी-मुंब्र्याहून येणाऱ्या काही मुलांच्या पालकांनी आणि एका ख्रिस्ती कुटुंबाने लेखी कळवलं की मुलं कविता वाचतील, अर्थ शिकतील, पण देवीला वंदन असलेल्या ओळी म्हणणार नाहीत. बैठकीत आवाज चढले. एक गृहस्थ म्हणाले, "मग शाळा बदला." ही मुलं बालवाडीपासून माझ्या मुलीच्या वर्गात आहेत. मला ते ऐकवेना. टिपण मी लिहून देते, असं सांगून आले.

माझं मत आधीच सांगते. हे साहित्य शाळेत असलंच पाहिजे. 'जयोस्तुते' १९०३ चं. देश पारतंत्र्यात असताना एक तरुण स्वातंत्र्यालाच देवी मानून हाक मारतो, ही तळमळ मुलांपर्यंत पोचली नाही तर स्वातंत्र्यलढा त्यांना फक्त सनावळीत भेटेल. 'आमच्या धर्माला चालत नाही, धडाच काढा' हे मला मुळीच मान्य नाही. असं करत गेलो तर उद्या तुकोबाही जातील आणि डार्विनही. पण कविता वाचणं, तिच्यावरची उत्तरं लिहिणं हा अभ्यास झाला. रांगेत उभं राहून हात जोडून म्हणणं हे वंदन झालं. अभ्यासाची सक्ती करा, वंदनाची नको. एवढंच मला टिपणात पटवून द्यायचंय.

'वंदे मातरम्' १८८२ च्या 'आनंदमठ' कादंबरीत आलं. पहिल्या दोन कडव्यांत भूमीचं वर्णन आहे, पुढे दुर्गा, कमला, वाणी अशी देवींची नावं येतात. म्हणजे ही अडचण आज कोणी उकरून काढलेली नाही. ऐन लढ्यात, १९३७ साली, काँग्रेस कार्यकारिणीनेच सभांमध्ये पहिली दोन कडवी म्हणावीत असं ठरवलं होतं. त्याने गीताचा मान कमी झाला नाही. २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी घटना समितीत 'जन गण मन'च्या बरोबरीचा सन्मान त्याला जाहीर केला.

दुसरा आधार बिजो इमॅन्युएल खटल्याचा. १९८५ साली केरळातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. यहोवाचे साक्षीदार या पंथातली ही मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत जी मोकळीक मिळाली ती शाळेच्या यादीतल्या कवितेला का मिळू नये?

आता अडलंय ते इथे. घटनेच्या कलम २८(३) नुसार अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सामील करता येत नाही. परिपाठातली कविता त्यात बसेल का? आणि न म्हणणाऱ्या मुलांना गुण कशाचे द्यायचे? वेगळं बसवून वेगळा पेपर दिला तर ती वर्गात उघडी पडतील, ते तर मला अजिबात नकोय.

प्रतिसाद (नेरूळ, निवृत्त मराठी शिक्षक)

ताई, २८(३) वर टिपण उभं करू नका. कविता म्हणजे उपासना का, यावरच बैठक संपेल. बिजो इमॅन्युएलचा निकाल कलम १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) वर आहे, तोच धरा. गुणांसाठी सवलत मागूच नका, सगळ्या वर्गालाच पर्याय द्या. यादीतली कोणतीही एक रचना पाठ, आणि दुसऱ्या एकीचं रसग्रहण स्वतःच्या शब्दांत. मग कोण काय टाळतंय हे कोणाच्या डोळ्यावर येत नाही. यादीही वाढवा. साने गुरुजींचं 'बलसागर भारत होवो' घ्या. शाहीर अमर शेख घ्या. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल ते हेच, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून मैदानं भारून टाकणारे.

प्रतिसाद (घणसोली)

शिस्त सगळ्यांना सारखी हवी. एकाला सूट दिली की उद्या दुसरा झेंडावंदनालाच येणार नाही.

धागाकर्ती

घणसोलीकर, झेंडावंदनाला हजर राहायला, आदराने उभं राहायला या पालकांची ना नाही, त्यांच्या पत्रातच तसं लिहिलंय. धडा आणि लेखी परीक्षाही सगळ्यांना सारखीच राहील. फक्त हात जोडून म्हणण्याची सक्ती नको, एवढीच मागणी आहे.

सर, सगळ्यांना पर्याय ही सूचना तशीच टिपणात घालते. अमर शेखांसाठी शनिवारी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते आहे. सातवी-आठवीला झेपेल अशी त्यांची कोणती रचना घ्यावी, तेवढं सांगाल का?