आर्मेनियाने स्वस्त गॅसवर समाधान मानावं का?

काठावरचा
काल 'हिशेबी' यांनी लिहिलं की आर्मेनियाने युरोपीय संघाचा नाद सोडावा. रशियाकडून गॅस स्वस्तात मिळतोय, तिथे माल खपतोय, मग भावनेच्या भरात चाललेला व्यापार का मोडायचा? दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

२०१३ मध्ये आर्मेनियाने नेमका हाच सल्ला मानला होता. युरोपीय संघाशी कराराची बोलणी पूर्ण होऊन फक्त सह्या बाकी होत्या. ३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष सार्गस्यान यांनी मॉस्कोतूनच जाहीर केलं की आम्ही रशियाच्या सीमाशुल्क संघात (आताच्या युरेशियन आर्थिक संघात) जाणार. कारण जकातीचं नव्हतं, काराबाखचं होतं, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशाचं. रशिया दुखावला तर अझरबैजानपासून वाचवणार कोण? आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने दिवसभरात काराबाख घेतलं. रशियन शांतिसैनिक तिथेच होते. एक लाखाहून जास्त माणसं आर्मेनियाकडे जाणाऱ्या लाचिनच्या रस्त्याने घरदार सोडून निघाली. ज्या संरक्षणासाठी बाजार बदलला, तेच मिळालं नाही. आता कुठल्या तोंडाने त्यांना गॅसचा दर सांगायचा?

हिशेबी
काराबाखचं दुःख मलाही आहे, पण ते व्यापारी संघाच्या खात्यावर टाकू नका. युरेशियन आर्थिक संघ सैन्य पाठवत नाही. त्यासाठी सीएसटीओ ही रशियाच्या पुढाकाराची लष्करी संघटना आहे आणि तिच्यातला सहभाग आर्मेनियाने २०२४ मध्ये गोठवलाच. व्यापाराचं बोला. तुर्कस्तानची सीमा १९९३ पासून बंद, अझरबैजानचीही बंद. गॅसचं वितरण रशियाच्या गाझप्रोमच्या कंपनीकडे, रेल्वे २००८ पासून रशियन रेल्वेकडे, मेत्सामोरच्या अणुभट्टीचं इंधन रशियाचं. युरोपीय संघाची सीमा तर आर्मेनियाला लागतसुद्धा नाही. तीस लाखांच्या देशाने एवढं सगळं युरोपीय सदस्यत्वाच्या एका कायद्याने झटकायचं?

जर्दाळू
सीमा रशियाचीही लागत नाही, हे कसं विसरलात? मी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये एका फळनिर्यातदाराकडे हिशेब सांभाळायचे. सगळा माल जॉर्जियातून, रशियाच्या सीमेवरच्या वरच्या लार्सच्या नाक्यावरून. हिवाळ्यात बर्फ पडलं की रस्ता बंद, ते सगळ्यांनी धरलेलं असतं. पण भर उन्हाळ्यात, आभाळ स्वच्छ असताना ट्रक अडले की मालक आधी बातम्या लावायचे: येरेवानमधून आज कोण काय बोललं? एकदा ड्रायव्हरने फोनवर सांगितलं, खालच्या पेट्यांतून रस गळायला लागलाय. माल का अडवला, हे शेवटपर्यंत कागदावर आलं नाही. त्या हंगामात काही शेतकऱ्यांना उभं करता आलं नाही, त्यांचे पैसे द्यायचे राहिले. ते हिशेब मीच लिहिलेत.

सरळ रेघ
ताई, तपासणी सगळीकडे होते. मी अन्ननिर्यातीत होतो. युरोपातल्या एका बंदरात आमचा अख्खा कंटेनर कीटकनाशकाच्या अंशावरून नष्ट केला. तिथेही नुकसानभरपाई मिळत नाही. युरोप म्हणजे न्यायाचं राज्य, हा भ्रम काढून टाका.

जर्दाळू
पण तुम्हाला अहवाल मिळाला ना? अंश किती, मर्यादा किती, हे छापून आलं ना? पुढच्या खेपेला काय सुधारायचं ते कळलं. आमच्या मालकांनी काय सुधारायचं होतं, पंतप्रधानांचं भाषण? २००६ मध्ये रशियाने जॉर्जिया आणि मोल्दोव्हा, दोघांची वाइन एकदमच बंद केली. २०१३ मध्ये मोल्दोव्हाची पुन्हा, युरोपशी करार तोंडावर असताना. आणि एप्रिल २०२३ मध्ये आर्मेनियाचे दुग्धपदार्थ, एकाच संघात असून!

सरळ रेघ
वाइनचं मान्य, तो दबावच होता. दुग्धपदार्थांचं मान्य नाही. त्यात इराणी कच्चा माल असल्याचा आक्षेप होता. आणि युरोपच्या तत्त्वांचं कौतुक मला सांगू नका. जुलै २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा अझरबैजानच्या राजधानीत, बाकूला जाऊन तिथला गॅस दुप्पट घेण्याच्या सामंजस्य करारावर सही करून आल्या. काराबाखच्या लोकांना पुढच्याच वर्षी हाकललं. यावर एक शब्द बोला!

काठावरचा
बोलतो. ती सही लाजिरवाणी होती. पण म्हणून रशियाचं वागणं धुतलं जात नाही, आणि ज्यांची घरं गेली त्यांना वादातलं हत्यार करू नका. हे तुम्ही दुसऱ्यांदा करताय.

सरळ रेघ
विषय तुम्हीच काढलात. पहिल्याच परिच्छेदात.

हिशेबी
ट्रक आणि बाकू बाजूला ठेवून मूळ अडचण बघा. युरेशियन संघाची बाह्य जकात सामाईक आहे, म्हणून २०१७ च्या युरोप-आर्मेनिया करारात मुक्त व्यापाराचा भागच नाही. दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. मार्च २०२५ मध्ये येरेवानच्या संसदेने युरोपीय सदस्यत्वाची प्रक्रिया सुरू करण्याचा कायदा केला, तरी युरेशियन संघातून बाहेर पडायची तारीख कुणी उच्चारत नाही. त्यांनाही माहीत आहे की २०२२ ची अर्थव्यवस्थेची १२.६ टक्के वाढ मुख्यतः रशियातून आलेल्या माणसांमुळे आणि पैशामुळे झाली. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणं धोक्याचं, एवढं मी मान्य करतो. पण आधी दुसरा रस्ता, दुसरं इंधन, मग संघाचा राजीनामा.

जर्दाळू
क्रम मला पटतो, फक्त तो रशिया ठरवू देईल असं वाटत नाही. ताजी फळं युरोपला जाणार नाहीत, हेही कबूल. वाळवलेले जर्दाळू आणि ब्रँडी जॉर्जियाच्या पोती बंदरातून जाऊ शकतात. त्यांना लार्सला थांबावं लागत नाही. सुरुवात तिथून करा, युरेशियन संघाचं सदस्यत्व असतानाच.