मदत हवी आहे: इस्लामी बँकेत ‘खातं उघडीन’ म्हणणारे आणि खरंच उघडणारे वेगळे कसे ओळखायचे?

ग्राहक इस्लामी बँकिंग (धर्मनियमांनुसार व्याज न घेता-देता चालणारं) का स्वीकारतात, यावर प्रबंधासाठी सर्वेक्षण करतेय. नेहमीच्या आणि इस्लामी बँका शेजारी-शेजारी चालतात अशी विकसनशील बाजारपेठ आहे. आराखडा नियोजित वर्तनाच्या सिद्धांताचा (दृष्टिकोन, भोवतालच्यांचं मत आणि ते आपल्याला जमेल का ही भावना, यांवरून इरादा आणि पुढे वर्तन ठरतं), त्यात धार्मिकता आणि माहिती हे दोन घटक वाढवलेत.

अडलंय धार्मिकतेपाशी. पूर्वचाचणीत ‘व्याज टाळायला हवं’ यावर जवळपास सगळ्यांनीच ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. त्यातल्याच एका गृहस्थांना मुराबहा समजावला: बँक वस्तू स्वतः विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून तुम्हाला हप्त्यांनी विकते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “हप्ता तेवढाच, मग फरक काय?” फरक आहे, वस्तू आधी बँकेच्या मालकीची होते आणि तेवढा काळ जोखीमही तिचीच. पण हे कळलंय का, ते माझी प्रश्नावली विचारतच नव्हती. ही चूक मला फार लागली.

आता माहितीसाठी बरोबर-चूक स्वरूपाचे प्रश्न घातलेत, उलट अर्थाची विधानं घालून पाहिली, नावही विचारत नाही. तरी धार्मिकता आणि दृष्टिकोन एकमेकांत मिसळतातच, एचटीएमटी (दोन घटक खरंच वेगळे मोजले जातायत का, हे दाखवणारं गुणोत्तर) ०.९० च्या वर जातं, म्हणजे ते वेगळे ठरत नाहीत.

बँकेकडून खात्यांची माहिती मिळणार नाही, आणि त्याच लोकांकडे पुन्हा जाणंही शक्य नाही. अशा एकाच फेरीत, भिडेखातर दिलेली उत्तरं वगळून धार्मिकता मोजायला कुठल्या प्रकारचे प्रश्न तुम्हाला प्रत्यक्ष उपयोगी पडले?