केनियातील सेवाकाळ संपत आला आहे. निघण्यापूर्वी काम कसे सोपवावे?

प्रश्न (मूळची बडोद्याची, सध्या किसुमु)

नमस्कार. व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमुजवळच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षे स्वयंसेविका आहे आणि सहा आठवड्यांनी दांडिया बाजारातल्या घरी परतणार आहे. मलेरियाच्या स्लाइड रंगवणे आणि तपासणे माझ्या दोन्ही सहकाऱ्यांना उत्तम येते. परंतु सूक्ष्मदर्शकाची निगा आणि स्लाइड रंगवायच्या गिम्सा रंगाची मागणी ही कामे सवयीने मीच करत राहिले. आता ती कशी सोपवावीत? निघण्याची तारीख आईला रोज फोनवर सांगते, इथे मात्र तोंडातून शब्द निघत नाही.

उत्तर १ (बडोदे, टांझानियात दोन वर्षे)

ताई, तारीख उद्याच सांगा. मी शेवटच्या पंधरवड्यापर्यंत थांबलो, घाईघाईने चाळीस पाने सूचना लिहून दिल्या आणि ती वही पुढे कुणी उघडली नाही, याची खंत मला अजूनही आहे. कपाटाची किल्ली या सोमवारपासूनच त्यांच्याकडे द्या. सरोवराकाठच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, हे तुम्ही जाणताच. सूक्ष्मदर्शकाच्या पेटीतली निळी सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी झाली, की ते दाणे त्यांनाच मंद आचेवर तापवू द्या. डोळ्यांदेखत रंग पुन्हा निळा झालेला ज्याने पाहिला, त्याला वेगळे सांगावे लागत नाही. तेल लावायचे भिंग दिवसाचे काम संपताच पुसण्याची जबाबदारी दोघांपैकी एकाच्या नावावर असावी, कारण दोघांचे काम ते कुणाचेच नसते. गिम्साची पुढची मागणीही त्यांच्याच सहीने जाऊ द्या. काही चुकले, तर सावरायला तुम्ही अजून तिथे आहात.

उत्तर २ (इंदूर)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. स्वतःच्या तयारीविषयी थोडे लिहितो. पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. ११ जुलै २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य आहे, मात्र केनियाहून येताना ते जवळ नसेल, तर विलगीकरणात राहावे लागू शकते. मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल, तर तिथून निघाल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना सर्वप्रथम केनियाचे नाव सांगा. आपल्याकडे तापाला सहज ‘व्हायरल’ म्हणतात आणि फाल्सिपारम या मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकारात एक दिवसाचा उशीरही महाग पडतो. बँकेला कायमचे परतल्याचे कळवून खाते निवासी करून घ्या.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी सहकाऱ्यांना सांगितले. थोरले बराच वेळ स्लाइड पुसत राहिले आणि मग म्हणाले, ‘क्वाहेरी या कुओनाना’, म्हणजे पुन्हा भेट होईपर्यंतचा निरोप. आपण घरातून निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो, ते त्यांना सांगितले. किल्ली सोमवारची वाट न पाहता आजच दिली.